घरात दोष निघाला तर एजंटला जबाबदार धरता येतं का?

ताबा घेतल्यावर महिन्याभरात भिंतीला ओल आली आणि एजंट हात वर करतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला धरता येतं, पण त्याला ते माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, हे दाखवावं लागतं. नुसता दोष निघाला म्हणून तो दोषी ठरत नाही. भिंतीच्या आतली गळकी पाइप त्यालाही दिसत नाही. मात्र एकाच कोपऱ्याला ताजा रंग होता, तुम्ही विचारलंत आणि तो "इथे कधीच गळती नव्हती" म्हणाला असेल, तर त्या शब्दांचा जाब त्यालाच द्यावा लागेल.

म्हणून चॅट डिलीट करू नका, जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा, दुरुस्तीआधी भिंतीचे फोटो काढा. खालच्या मजल्यावर विचारा. आधी येऊन गेलेल्या प्लंबरचं बिल सापडलं तर फारच उत्तम.

दलाली कुणी दिली तेही बघा. तो विक्रेत्याचा एजंट असला तरी खोटं बोलायची मुभा त्याला नाही. दोन्हीकडून पैसे घेऊन लपवले असतील तर ती स्वतंत्र आणि भक्कम तक्रार आहे.

आधी मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा. परवाना देणारी यंत्रणा त्याच्यावर कारवाई करू शकते, पण दुरुस्तीचे पैसे हवे असतील तर बहुधा वेगळा दावा लागतो. त्याला कालमर्यादा असते, त्यामुळे वकिलाला याच आठवड्यात भेटा.