आंब्याला ऑइलपेंट

प्रश्न : मुलाच्या लग्नात मांडववाल्याच्या पोरांनी दारातल्या आंब्याला खालून तीन फूट पांढरा-तांबडा ऑइलपेंट मारला. शेजारच्या चार वर्षांच्या सोनचाफ्यालाही सोडलं नाही. हार्डवेअरवाला म्हणतो, थिनरनं पुसा. पुसू का?
– एक वाचक, करंजे, सातारा

उत्तर : ताई, थिनरची बाटली आणली असेल तर परत करा. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या कुपवाडच्या रोपवाटिकेत सीताफळाच्या बुंध्यावर पेंटचा डबा लवंडला होता. मीच शहाणपणा करून थिनरचा बोळा फिरवला. रंग निघाला, आणि पंधरा दिवसांत तळहाताएवढी साल काळी पडून सुटली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागेतून वाळवी शिरली. टर्पेंटाइन आणि रॉकेलही त्याच माळेतले.

आता तुमचा आंबा. त्याची वरची भेगाळलेली साल मेलेली असते, रंग बसलाय तो तिच्यावर. बुंधा जाडावेल तसा तो रंग तडकून खपल्या पडतील. दोन-चार पावसाळे जातील, पण झाडाला काही होणार नाही. तोवर डोळ्यांना खुपलाच तर पुढ्यात अबोलीच्या दोन कुंड्या ठेवा.

चाफ्याचं तसं नाही. कोवळ्या, गुळगुळीत सालीवर बारीक पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसतात, खोड त्यांतूनच हवा घेतं. पेंटनं ते बुजतात. म्हणून तो रंग थोडा तरी काढायचा, पण घाई नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या. मग सकाळी गोणपाट भिजवून तासभर बुंध्याला गुंडाळा. रात्रभर ठेवू नका, बुरशी धरते. नंतर नारळाची शेंडी, भांडी घासायची असते तीच, साबणाच्या पातळ पाण्यात बुडवून वरून खाली हलक्या हातानं फिरवा. सुटलेली खपली बांबूच्या कामटीनं उचला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गाड्या धुवायचा प्रेशरचा पाइप, यांतलं काही नको. हिरवी ओल दिसली की हात थांबवा. खाली जुनं पोतं अंथरा, जुन्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, ते मुळाशी कशाला?

एका दिवशी एकाच बाजूचा वीतभर भाग घ्या. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून. रंगाचा पट्टा गोल आहे म्हणून खरवडतही गोल गेलात आणि तो थर सगळीकडून तुटला, तर मुळं उपाशी राहतात. झाड लगेच मरत नाही, वर्षभर हिरवं दिसतं, म्हणून कळतही नाही.

यावर आटपाडीकडचे लोक म्हणतील, आम्ही डाळिंबाच्या खोडाला दरवर्षी लावतोच की! ते बोर्डो पेस्ट लावतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 10 लिटर पाणी. ती बुरशीसाठी असते आणि पावसानं हळूहळू धुऊन जाते. रस्त्याकडेच्या झाडांचा चुना-गेरूही तसाच. ऑइलपेंट भिंतीचा आणि ग्रिलचा. पुढच्या कार्याला मांडववाल्याला आधीच सांगा, रंगच हवा असेल तर चुना-गेरू मार.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण लग्नाच्या लाइटच्या माळा झाडाला कशानं बांधल्या होत्या? बारीक तार असेल तर ती आधी शोधून कापा, रंग राहू दे बाजूला. माळा उतरवताना पोरं तारेचे वेढे तसेच ठेवतात. दोन वर्षांत ती तार सालीत रुतते, आणि मग तुमच्या सोनचाफ्याला तोच गोल फास बसतो.