उन्हाळ्याची सुट्टी आणि पाचारणाची पारख

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते, तरुण संघाचे काम पाहते, आणि पूर्णवेळ सेवेसाठी देव मला बोलावत आहे असे मला बऱ्याच दिवसांपासून वाटते. एका मंडळीने उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-अडीच महिने पाळकांच्या हाताखाली इंटर्नशिप देऊ केली आहे. आधी नोकरी पाहावी, असे वडिलांचे म्हणणे आहे. इतक्या थोड्या काळात पाचारण खरे आहे की नाही, हे कळते का? आणि हे काम आपले नव्हे असे तेव्हा वाटलेच, तर माघार घेणे म्हणजे देवाची आज्ञा मोडणे ठरेल का?

उत्तर : दोन-अडीच महिन्यांत पाचारणाचा निकाल लागत नाही, आणि तो लावून घेण्यासाठी कोणी जाऊही नये. मात्र एकांतात कितीही प्रार्थना करून जे उमगत नाही, ते या काळात हळूहळू दिसू लागते : हे काम रोजच्या रोज करताना आपण कशा वागतो, आणि आपले ते वागणे इतरांना कसे जाणवते. बायबलमधील बालक शमुवेलाला हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला कळले नाही. तो तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावला आणि हाक देवाची आहे हे ओळखले ते एलीने, ज्याची स्वतःची दृष्टी मंद झाली होती. अंत्युखिया नगरातूनही बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) हे सुवार्तिक आपल्या मनाने निघाले नाहीत. उपास आणि प्रार्थना करून मंडळीने त्यांच्यावर हात ठेवले आणि मग त्यांची पाठवणी केली. अंतःकरणातील पाचारणाला मंडळीच्या संमतीची जोड हवी, असे सोळाव्या शतकातील कॅल्व्हिनसारख्या धर्मसुधारकांनीही आग्रहाने मांडले. इंटर्नशिपकडे तुम्ही याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते.

म्हणून व्यासपीठावरील कामाची फार अपेक्षा धरू नका. एखादे प्रवचन करायला मिळेल, लोक कौतुकही करतील, पण त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. आजाऱ्यांच्या भेटी, शोकात असलेल्या घरी जाणे, कंटाळवाण्या समितीच्या बैठका ही कामे आपणहून मागून घ्या. 1925 च्या उन्हाळ्यात अँटन बॉइसन या पाळकांनी अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरज्ञानाच्या काही विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकण्यासाठी आणले. पाळकीय सेवेच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची पद्धत तेथूनच रूढ होत गेली. या प्रशिक्षणात एक साधा पण झोंबणारा अभ्यास असतो : भेट आटोपल्यावर झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहायचे आणि मार्गदर्शकासमोर वाचायचे. रुग्ण म्हणतो, "रात्र सरता सरत नाही", आणि विद्यार्थिनी लगेच म्हणते, "देवावर भरवसा ठेवा, आपण एक स्तोत्र वाचू." कागदावर उतरल्यावर तिच्या ध्यानात येते की स्तोत्राची घाई रुग्णाला नव्हती, ती शांतता तिला स्वतःलाच सोसवली नव्हती. तुमच्या मंडळीत अशी पद्धत नसली, तरी नावे व ओळख न लिहिता अशी टिपणे ठेवा आणि पाळकांना ती ऐकवा. असे काही कळल्यावरही पुढच्या भेटीला जावेसे वाटते का, हे मात्र बारकाईने पाहा.

होकार कळवण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. मार्गदर्शन कोण करणार, आठवड्यातून एकदा निवांत बोलायला त्यांना वेळ असेल का, सुट्टीचा दिवस कोणता, मानधन किंवा प्रवासखर्च मिळणार का, गोपनीयतेचे आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कोणते आहेत? शेवटच्या प्रश्नावर कोणी हसून वेळ मारून नेली, तर दुसरी मंडळी शोधा. सेवेच्या नावाखाली फुकट राबवून घेणारी ठिकाणे असतात, हे मनाला लागले तरी सांगायला हवे. काही संप्रदाय स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देतात, काही देत नाहीत. तुमच्या संप्रदायाचे धोरण आताच नीट माहीत करून घ्या.

माघारीविषयी बोलायचे, तर तुमची भीती मला अनाठायी वाटते. पारखण्यासाठी गेलेल्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर ती पारख कसली? पौल आणि बर्णबा यांचा तरुण सोबती मार्क सेवेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून परत फिरला. त्यावरून पुढे त्या दोघांचे इतके बिनसले की ते वेगळे झाले. तरी त्याच मार्काविषयी, पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असे शब्द आहेत. शिवाय शिक्षिका, परिचारिका किंवा हिशेबनीस म्हणून केलेले कामही देवाने सोपवलेले काम असते, हे धर्मसुधारक ल्यूथरने निक्षून सांगितले आहे. दीक्षा न घेणारे लोक पाचारणाविना राहतात, असे मुळीच नाही.

वडिलांशी वाद घालू नका. ही इंटर्नशिप एका सुट्टीपुरती आहे, तिच्यामुळे नोकरीची वाट बंद होत नाही, एवढेच त्यांना सांगा. त्यांची काळजी पोटापाण्याची असेल, तर पाळकांना मिळणारे वेतन, निवास आणि बदल्या यांची खरी माहिती या काळात गोळा करा व ती त्यांच्यासमोर ठेवा, मग ती उत्साह वाढवणारी असो वा नसो.

काम संपल्यावर मार्गदर्शकांकडून लेखी अभिप्राय मागा, आणि त्यात उणिवाही स्पष्ट लिहाव्यात अशी विनंती करा. निर्णय मात्र लगेच घेऊ नका. मन खचलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये, आणि उत्साहाच्या भरात घाईने व्रत घेऊ नये, असा दुहेरी इशारा जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिला होता. मधले काही महिने आपल्याच मंडळीत नेहमीची शब्बाथशाळा घ्या, पाळकांशी आणि वडीलमंडळाशी (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांशी) बोला, आणि सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या) प्रवेशअर्जाचा विचार त्यानंतर करा.