बीसीएम४३१२ वाय-फाय कार्ड: ड्रायव्हर वाढवू नका, आधी कमी करा

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली नव्याने टाकली, ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२ कार्ड यादीत दिसतं पण वाय-फाय चालू होत नाही. एका जुन्या लेखावरून एनडीआयएसरॅपर बसवलं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून ब्रॉडकॉम-एसटीए हा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हरही बसवला, तरी परिस्थिती तीच.

तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून आहे. त्याचं नाव बी४३. २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ कर्नलमध्ये तो दाखल झाला आणि तुमच्या चिपसाठीचा आधार त्याला २.६.३२ पासून मिळाला. कमी आहे ते फक्त फर्मवेअर, म्हणजे कार्ड सुरू होताना त्याच्या आत चढवायची छोटीशी फाइल. वरून बसवलेल्या दोन गोष्टींनी ही उणीव भरून निघालेली नाही, उलट बी४३ ची वाट अडवली गेली आहे.

पण आधी चिपची खात्री करा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि ब्रॉडकॉमच्या ओळीत चौकटी कंसातली आकड्यांची जोडी बघा. ती १४ई४:४३१५ असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. केवळ नावावर विसंबू नका, कारण १४ई४:४३१२ हा क्रमांक प्रत्यक्षात बीसीएम४३११ चा आहे आणि त्यावरून भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. १४ई४:४७२७ दिसलं तर ते बीसीएम४३१३, त्याचा ड्रायव्हर बीआरसीएमएसमॅक, आणि बी४३ चा त्याच्याशी संबंध नाही. त्याच उत्तरात खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. तिथे 'डब्ल्यूएल' (ब्रॉडकॉम-एसटीएच्या मॉड्यूलचं नाव) दिसत असेल तर ब्रॉडकॉम-एसटीएने कार्ड ताब्यात घेतलंय.

आता सफाई. एनडीआयएसरॅपर विंडोजचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घुसवून चालवतं. लिनक्सचे स्वतःचे ड्रायव्हर नव्हते तेव्हा तो उपाय होता, आज या कार्डासाठी त्याला हात लावायचं कारण नाही. दोन्ही पॅकेजेस काढताना एपीटी या डेबियनच्या पॅकेज-साधनाचा 'रिमूव्ह' वापरू नका, 'पर्ज' वापरा. हे महत्त्वाचं आहे. ब्रॉडकॉम-एसटीए बसताना बी४३ आणि त्याला लागणारं एसएसबी ही मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग) काळ्या यादीत टाकतं, म्हणजे ती आपोआप लोड होऊ देत नाही, आणि नुसतं 'रिमूव्ह' केलं की ती कॉन्फिगरेशन फाइल मागे राहते. मग माणूस फर्मवेअर नीट बसवतो आणि बी४३ का लोड होत नाही म्हणून डोकं फोडत बसतो. पर्ज झाल्यावरही /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये डोकावा. बी४३ किंवा एसएसबीच्या आधी 'ब्लॅकलिस्ट' लिहिलेली ओळ उरली असेल तर ती काढा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा (म्हणजे बदल मशीन सुरू होतानाच्या फाइलीतही जातो) आणि मशीन रीस्टार्ट करा.

यानंतर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' (dmesg) मध्ये बी४३ शोधा. 'यूकोड१५.एफडब्ल्यू' ही फर्मवेअरची फाइल सापडत नाही अशी तक्रार दिसली तर खूश व्हा, कारण ड्रायव्हर जागा झाला आणि फर्मवेअर मागतोय.

डेबियन १२ पासून बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं हे खरं, पण हे त्यात नाही. ही फाइल इतरांनी वाटायला ब्रॉडकॉमची परवानगी नाही. म्हणून 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज कंपनीचा मूळ ड्रायव्हर नेटवरून उतरवतं, त्यातून फर्मवेअर कापून काढतं आणि जागेवर ठेवतं. ते डेबियनच्या 'कॉन्ट्रिब' विभागात असतं, तेव्हा सोर्सेस.लिस्टमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलीत) कॉन्ट्रिब जोडलंय का ते पाहा.

वाय-फायसाठी नेट हवं आणि नेटसाठी वाय-फाय, हा पेच सोडवायचा तर नेटवर्कची केबल लावा. जुन्या मशीनमधली वायर्ड कार्डं (रिअलटेक ८१३९ वगैरे) लिनक्सवर क्वचितच त्रास देतात. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही.

फर्मवेअर बसलं, तरी नेटवर्क दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' बघा, वाय-फाय कुठे बंद केलंय का ते त्यात कळतं. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' पुरेसं आहे. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर कमांडने काही होणार नाही, लॅपटॉपच्या कडेला सरकणारं बटण किंवा फंक्शन-की शोधा. हे बटण बॅगेतून काढताना नकळत सरकतं, आणि दोष बिचाऱ्या लिनक्सला लागतो.

राउटरकडेही बघा. हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ५ चं नेटवर्क त्याला दिसणारच नाही. राउटरची सुरक्षा-पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा, चॅनेल १ ते ११ मधला ठेवा. वेगाचं म्हणाल तर कागदावर ५४ मेगाबिट, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळालं तर समाधान माना.

बी४३ वर 'डीएमए एरर' (कार्ड आणि मेमरी यांच्यातल्या देवाणघेवाणीतली चूक) येत राहिला किंवा कनेक्शन वारंवार तुटलं, तरच ब्रॉडकॉम-एसटीएचा विचार करा, आणि तेव्हा बी४३ पूर्ण बंद ठेवून. मला तो आवडत नाही. कंपनीने २०१५ नंतर त्याची नवी आवृत्ती काढलेली नाही, डिस्ट्रोवाले (डेबियनसारख्या लिनक्स प्रणाली बनवणारे) ठिगळं लावून चालवतात आणि प्रत्येक नव्या कर्नलसोबत तो पुन्हा बांधावा लागतो. त्यापेक्षा अथेरॉसचं एआर९२८५ सारखं मिनी पीसीआय-एक्सप्रेस कार्ड याच्या जागी बसवणं मी पसंत करेन. त्याच्या एटीएच९के ड्रायव्हरला वेगळं फर्मवेअरच लागत नाही. मात्र काही लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड स्वीकारत नाही आणि मशीन सुरूच होऊ देत नाही, म्हणून स्क्रू काढण्याआधी तुमच्या मॉडेलबद्दल तेवढी चौकशी करा.