पोर्तुगालला निघायच्या आधी: नाशिकच्या एका कुटुंबाला उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्राचा सारांश असा: नोकरी पुण्याच्या आयटी कंपनीत, काम घरूनच. बायको शिक्षिका, मुलगी आठ वर्षांची. ऑगस्टमध्ये लिस्बन गाठायचंय आणि एजंट म्हणतोय, टुरिस्ट व्हिसावर जा, कागद तिथे गेल्यावर होतात.

आधी एजंटाचं बघू. तो सांगतोय तो रस्ता एके काळी खरंच होता. पर्यटक म्हणून यायचं, काम धरायचं, सोशल सिक्युरिटीत पैसे भरायचे आणि मग रहिवासाचा अर्ज टाकायचा. सरकारने तो ३ जून २०२४ ला बंद केला. तोवर जवळपास ४ लाख प्रकरणं तुंबली होती. आज कुणी हे विकत असेल तर एकतर त्याला ठाऊक नाही, नाहीतर ठाऊक असूनही तो पैसे उकळतोय. दोन्हीकडे त्याला लांबूनच नमस्कार. घर विकत घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात रहिवास, मिळवणंही २०२३ मध्ये संपलं. बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षं मिळायची ती जुनी करसवलतही २०२४ पासून नव्या माणसांना मिळत नाही. तरी तिची जाहिरात तुम्हाला दिसेलच.

तुमच्यासाठी सरळ दार एकच, डी८. पोर्तुगालबाहेरच्या कंपनीचं काम इथे पोर्तुगालमध्ये बसून करणाऱ्यांचा हा व्हिसा. अट अशी की गेल्या तीन महिन्यांची सरासरी कमाई इथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. २०२५ चं किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे चौपट ३,४८०, रुपयांत साधारण साडेतीन लाख महिना. हा आकडा जानेवारीत वाढतो, म्हणून काठावर असाल तर वाट बघण्यात नुकसानच. कुटुंब सोबत असेल तर बँकेत शिल्लकही जास्त दाखवावी लागते. डी७ चं नाव ऐकलं असेल, पण तो पेन्शन, भाडं, व्याज असल्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी आहे; पगार त्यात बसत नाही.

खरी गाठ व्हिसात नाही, तुमच्या कंपनीत आहे. एचआर तोंडी 'हो हो, काही प्रॉब्लेम नाही' म्हणतं आणि लेटरहेडवर लिहून द्यायची वेळ आली की लीगलकडे बोट दाखवतं. त्यांचंही चूक नाही. वर्षात १८३ दिवसांहून जास्त इथे राहिलात की तुम्ही इथले करदाते होता, जगभरच्या उत्पन्नावर, आणि कंपनीपुढेही कराचे प्रश्न उभे राहतात. तेव्हा घरभाड्याची चौकशी, तिकीट, मुलीच्या शाळेचा दाखला हे सगळं नंतर. आधी पोर्तुगालमधून काम करायला परवानगी देणारं कंपनीचं ते पत्र.

आता कागद. लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांवर आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालण्यासाठीचा शिक्का, त्यानंतर पोर्तुगीज भाषांतर. हा क्रम उलटा करू नका. पोलिस क्लिअरन्स मात्र शेवटी काढा, तो ताजा लागतो. आणि नावं तपासा, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे बायकोच्या डिग्रीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, आणि मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव नुसतं 'सुनीता', आडनावाशिवाय. इथल्या खिडकीवरच्या बाईला ही तीन वेगळी माणसं दिसतात. जन्मदाखल्यातली दुरुस्ती महापालिकेत आत्ताच करून घ्या, लिस्बनमध्ये बसून ती होत नाही.

तुम्ही आधी येऊन बायको-मुलीला मागाहून आणायचा विचार लिहिलाय. कुटुंब बोलावण्याचे नियम २०२५ मध्ये कडक झालेत. वकिलातीकडून लेखी उत्तर आल्याशिवाय तसं करू नका.

व्हिसा मिळतो तो चार महिन्यांचा, दोनदा प्रवेश करता येतो. तेवढ्यात आयमा या परदेशी रहिवाशांचं काम बघणाऱ्या कार्यालयात रहिवासाच्या कार्डासाठी हजर व्हायचं. नीफ, म्हणजे कराचा नऊ आकडी नंबर, भारतातूनच काढून ठेवा. त्याच्याशिवाय घर नाही, वीज नाही, बँक खातं नाही. किराणा दुकानातला कॅशियरसुद्धा बिलावर नीफ घालायचा का विचारतो.

घराबद्दल जरा सविस्तर. जाहिरातीत टी१, टी२ असं लिहिलेलं असतं. आकडा बेडरूमचा, हॉल त्यात धरत नाहीत, म्हणजे तुमचा टूबीएचके तो इथे टी२. लिस्बन शहरात भाडी पगाराच्या मानाने अवाच्या सवा आहेत. मी अल्माडात राहते, नदीच्या पलीकडे. तिथल्या कासिल्याश धक्क्यावरून बोट दहाएक मिनिटांत लिस्बनला सोडते, आणि ४० युरोंच्या मासिक पासात बोट, मेट्रो, बस सगळं येतं. बाराच्या आतल्या मुलांना पास फुकट. घर बघायला दुपारी उन्हात जाऊ नका, सकाळी जा आणि कपाटाच्या मागे हात फिरवून ओल आहे का ते बघा. बहुतेक घरांत हीटिंग नाही. हिवाळ्यात बाहेर १२ अंश असतं आणि आत स्वेटर घालून बसावं लागतं. उत्तरेकडच्या भिंतीवर काळी बुरशी चढते, चामड्याच्या चपला पांढऱ्या पडतात. नव्याने मारलेल्या रंगाचा वास आला की समजा, खाली काहीतरी लपवलंय. हवेतली ओल शोषणारं मशीन पहिल्याच हिवाळ्यात घ्या. त्याची टाकी रोज ओतावी लागते. ऑगस्टमध्ये निम्मं शहर सुट्टीवर असतं आणि सप्टेंबरात विद्यार्थ्यांची खोल्यांसाठी झुंबड. तारीख तुमच्या हातात असेल तर जूनमध्ये या. शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते.

सामानात मसाले भरू नका, लिस्बनच्या मार्टिम मोनिझ भागात डाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. कोथिंबीर तर कुठल्याही सुपरमार्केटात, इथले लोक ती आपल्याइतकीच खातात. कुकर मात्र स्टीलचा आणा, नव्या घरांत इंडक्शन असतं आणि साधा ॲल्युमिनियमचा त्यावर तापत नाही. व्होल्टेज आपलंच, मिक्सर चालतो, फक्त प्लगला ॲडॅप्टर हवा.

मुलीची काळजी करू नका, सरकारी शाळा फुकट आहे आणि परक्या मुलांना पोर्तुगीज वेगळं शिकवतात. काळजी बायकोच्या नोकरीची. पोर्तुगीज आल्याशिवाय इथल्या बहुतेक शाळांत शिक्षिकेचं काम नाही, आणि हे तिला तुम्ही निघायच्या आधी सांगायला हवं. तिचा विचार नेमका काय आहे, हे तुमच्या पत्रात एका ओळीतही नाही. पुढचं पत्र तिनेच लिहिलं तर बरं.