बडोद्यात पीएच.डी. संपली. सेमाग्लुटाइड (मधुमेह आणि वजनावरचं औषध) आणि बीटा पेशींच्या (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) चयापचयावर पोस्टडॉक मिळालाय. जाण्याआधी सीहॉर्स (पेशी ऑक्सिजन किती वापरतात ते मोजणारं यंत्र) शिकू की सिंगल-सेल (एकेका पेशीतल्या आरएनएचं वाचन)?

दोन्ही नंतर. आधी जीएसआयएस, म्हणजे ग्लुकोज दिल्यावर पेशी किती इन्सुलिन स्रवतात ते मोजणारी चाचणी, हातात बसवा. पेशी ग्लुकोजला धड प्रतिसाद देतात की नाही हेच माहीत नसेल, तर सीहॉर्सच्या आलेखाला काडीची किंमत नाही.

आयएनएस-१ ८३२/१३ (इन्सुलिन स्रवणारी, लॅबमध्ये वाढवली जाणारी पेशी-मालिका) पेशी मिळाल्या तर आरपीएमआयमध्ये (पेशी वाढवण्याचं द्रव माध्यम) मर्कॅप्टोइथेनॉल (५० मायक्रोमोलर) दर वेळी ताजं घाला. आदल्या रात्री ग्लुकोज ११ वरून ५ मिलिमोलरवर आणा. सकाळी क्रेब्स बफरमध्ये (क्षारांचं साधं द्रावण) २.८ मिलिमोलर ग्लुकोजवर तासभर ठेवा, बफर बदला, मग प्लेटमधल्या अर्ध्या वेलना (खळग्यांना) २.८, अर्ध्यांना १६.७, पुन्हा तासभर. बफर वेलच्या भिंतीवरून सोडा, थेट पेशींवर नाही. पेशीतल्या साठ्याचा अगदी थोडा भाग बाहेर पडत असतो. त्यामुळे मूठभर पेशी फाटल्या तरी त्यांचं सांडलेलं इन्सुलिन २.८ चा आकडा फुगवतं आणि फरक नाहीसा होतो. वरचा द्रव सेंट्रिफ्यूज करून फक्त वरचा भाग घ्या. १६.७ चे नमुने पातळ केल्याशिवाय एलायझाला (इन्सुलिन मोजणारी प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी) लावू नका. उरलेल्या पेशींतलं इन्सुलिन आम्लयुक्त इथेनॉलने काढून स्राव त्याच्या टक्क्यांत मांडा.

आता औषध. २.८ ला सेमाग्लुटाइड घालून काहीच झालं नाही की लोक औषधालाच नावं ठेवतात. अहो, होणारच नाही! ग्लुकोकायनेज (पेशीत ग्लुकोजच्या वापराची सुरुवात करणारं विकर) अर्ध्या वेगाला पोचतं ते ८ मिलिमोलरच्या आसपास. त्याच्या बऱ्याच खाली एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) पुरेसं वाढत नाही, पोटॅशियम चॅनल उघडेच राहतात, कॅल्शियम आत येत नाही, म्हणून स्राव सुरूच होत नाही. सेमाग्लुटाइड ज्यावर काम करतं त्या जीएलपी-१ रिसेप्टरचं सीएएमपी (पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू) आधीच सुरू झालेला स्राव वाढवतं. शिवाय सेमाग्लुटाइडची १८ कार्बनांची मेदाम्ल साखळी अल्ब्युमिनला चिकटते. बफरमध्ये बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असेल तर मोकळं औषध तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी कमी असतं. म्हणून शेजारच्या वेलमध्ये तुलनेसाठी एक्सेंडिन-४ (१० नॅनोमोलर; त्याच रिसेप्टरवर चालणारं, पण तशी साखळी नसलेलं पेप्टाइड) हवंच. आणि अलकापुरीतल्या औषधाच्या दुकानातून पेन आणून पेशींवर टाकू नका. अनेक डोसांच्या पेनमध्ये फिनॉल (जंतुरोधक, पेशींना घातक) असतं. शुद्ध पेप्टाइड मागवा, कमी चिकटणाऱ्या नळ्यांत छोटे भाग करून गोठवा.

लॅब मीटिंगमध्ये रात्रभर औषध दिलेल्या पेशींचा दुसऱ्या दिवशीचा कमी प्रतिसाद दाखवून 'बीटा पेशी पिळून थकल्या' म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडतोय. रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढला गेलाय का, ते आधी तपासा. १६.७ वर फोर्स्कोलिन द्या. ते रिसेप्टरला वळसा घालून सीएएमपी वाढवतं. स्राव उसळला आणि पेशीतलं इन्सुलिन शाबूत असेल, तर थकवा कसला? हा एक प्रयोग न करता थकव्याचा निष्कर्ष छापणं मला बेजबाबदारपणा वाटतो.

अर्थात ८३२/१३ या रॅटच्या ट्यूमरपासून आलेल्या पेशी आहेत, माणसाच्या आयलेट्सचा (स्वादुपिंडातली बीटा पेशी असलेली बेटं) अंदाज त्यावरून जपूनच करा. वजन उतरतं ते मुख्यतः मेंदूतल्या भुकेवरच्या परिणामामुळे, हेही प्रकल्प लिहिताना विसरू नका. याच गटातली इतर औषधं वापरायची असतील तर प्राणी बघा: टिर्झेपटाइड (जीएलपी-१ आणि जीआयपी या दोन आतड्यातल्या संप्रेरकांच्या रिसेप्टरांवर चालणारं औषध) माउसच्या जीआयपी रिसेप्टरवर क्षीण चालतं. ऑरफोरग्लिप्रॉनला (तोंडाने घ्यायचं, पेप्टाइड नसलेलं औषध) जीएलपी-१ रिसेप्टरवर ३३ व्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागतं, आणि माउस-रॅटमध्ये तिथे सेरीन आहे. त्यासाठी मानवी रिसेप्टर असलेल्या पेशी आहेत का, हे नव्या लॅबला आत्ताच ईमेल करून विचारा. सीहॉर्स तिथे गेल्यावर कुणीही शिकवेल.