कुत्रा इमानी की वफादार?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नववीत गेलाय, मे महिन्याच्या सुट्टीत जपानीच्या उन्हाळी वर्गाला जातो. वर्गात हाचिकोची, म्हणजे मेलेल्या मालकाची स्टेशनवर वाट बघत राहिलेल्या जपानी कुत्र्याची गोष्ट झाली आणि ती मराठीत दहा ओळींत लिहून आणायला सांगितली. यानं लिहिलं, ‘हाचिको खूप वफादार कुत्रा होता.’ आजीनं वही बघितली आणि ‘वफादार’वर काट मारून वर ‘इमानी’ लिहिलं. नातवाचं म्हणणं, दोन्ही शब्द बाहेरचेच, मग एक मराठी आणि दुसरा हिंदी कसा? बाबांनी मध्येच ‘स्वामिनिष्ठ’ सुचवलं. आता कोणाचं खरं?

आजीचं. पण नातवाची शंका अगदी रास्त आहे. ‘इमान’ अरबी आहे. ‘अमन’ आणि ‘अमानत’ याच घराण्यातले; त्यातल्या अमानतीची आपण अक्षरं उलटीपालटी करून ‘अनामत’ केली आणि ती घरमालकाला देऊन मोकळे झालो. ‘वफा’ही अरबीच, त्याला फारसी ‘दार’ जोडलेलं. तेव्हा जन्मदाखला बघून निकाल लागायचा नाही. शब्दाचा गोतावळा बघावा लागतो. आपण इमान राखतो, इमानाला जागतो, प्रसंगी इमान विकतो; बेइमान माणसाला शिव्या घालतो आणि नोकरी इमानेइतबारे करतो. हिंदीतला ‘ईमान’ दीर्घ आणि पुल्लिंगी. आपल्याकडे तो ऱ्हस्व झाला, नपुंसकलिंगी झाला, ‘ते इमान’ झालं. ‘वफा’ला असं मराठी सासर मिळालेलं नाही. वफा राखली किंवा वफेला जागला असं कोणी बोलत नाही. आज मुलांच्या तोंडी येतो तो ‘वफादार’ हिंदीतून सुटा उचललेला आहे. चूक म्हणणार नाही, पण आजी तो खोडणारच.

खरी लाल रेघ मारायची तर ती ‘इमानदार’वर मारा. हिंदीत त्याचा अर्थ प्रामाणिक, लाच न खाणारा. त्या अर्थानं इमानदार कुत्रा म्हणजे ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याला तोंड न लावणारा. असा अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

आता बाबांचं ‘स्वामिनिष्ठ’. जपानीत हाचिकोला ‘चूकेन’ म्हणतात. (‘चू’ दीर्घ. ऱ्हस्व लिहिलंत तर मराठी मुलगा ‘मी चुकेन’ असं वाचेल, आणि जपानीतही ऱ्हस्व-दीर्घानं अर्थ बदलतो, त्यामुळे चुकेलच.) ‘केन’ म्हणजे कुत्रा; एरवी बोलताना ‘इनु’ म्हणतात, जोडशब्दात ‘केन’ होतं. ‘चू’चं चित्राक्षर बघण्यासारखं आहे: वर ‘मध्य’, खाली ‘हृदय’. अर्थ मात्र सरळ दरबारी, धन्यावरची निष्ठा. म्हणून वर्गात ‘चूकेन’चा अर्थ विचारला तर ‘स्वामिनिष्ठ कुत्रा’ हे उत्तर चोख. पण हा शब्द आपल्या कानाला बाजीप्रभूंच्या धड्यातला वाटतो. घरच्या कुत्र्याला तो जरा जड होतो. त्याचाच भाऊबंद ‘निष्ठावंत’ तर तिकीटवाटपाच्या दिवसांत पेपरातच सापडतो, तोही ‘डावलला गेलेला’.

संस्कृतात या जागी निष्ठा नाही, भक्ती आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून चल म्हणतो, तेव्हा युधिष्ठिर सांगतो, ‘अयं श्वा भूतभव्येश भक्तो मां नित्यमेव ह’, हा माझा नित्याचा भक्त आहे. चाणक्याच्या नावावरच्या श्लोकातही कुत्र्याकडून घ्यायच्या सहा गुणांत ‘स्वामिभक्त’ येतो. मराठीनं भक्ती विठोबाला ठेवली आणि कुत्र्याला इमान दिलं.

मराठी इमानाला मिठाची चव असते. खाल्ल्या मिठाला जागतो तो इमानी. खाल्ल्या घरचे वासे मोजतो तो बेइमान, निमकहराम. हाचिको या मापानं तपासून बघा. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५मध्ये अचानक वारले. त्यांच्याकडे हाचिको होता जेमतेम सव्वा वर्ष, आणि तो स्टेशनवर येत राहिला ८ मार्च १९३५ला मरेपर्यंत. तोक्योतल्या शिबुया स्टेशनसमोर १९३४मध्ये त्याचा पुतळा बसला, तेव्हा तो स्वतः समारंभाला हजर होता. (तो पुतळा युद्धात वितळवला गेला, आजचा १९४८चा.) शंकेखोर तिथेही आहेत. ते म्हणतात, स्टेशनजवळच्या हातगाड्यांवर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे मिळायचे म्हणून यायचा. तो गेल्यावर त्याच्या पोटात ते तुकडे ओवायच्या काड्या खरंच सापडल्या. पण हा यायचा तो मालकाची गाडी यायच्या वेळेला. मीठ कोणाचं खाल्लं आणि जागला कोणाला, हे आजी बरोबर ओळखेल.

वहीसाठी एक सूचना. मुलाला गोष्टीतलं एखादं वाक्य जपानीत लिहून बघू दे. ‘इनु वा, एकी दे, माचिमाश्ता.’ कुत्र्यानं, स्टेशनवर, वाट पाहिली. क्रियापद शेवटी, ‘वर’ नामाच्या मागे; शब्द हलवावाच लागत नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला इथे वाक्य उलटं करावं लागतं, मराठी मुलाला ते आयतं मिळतं. इंग्रजी माध्यमाची मुलं नेमका हा फायदा सोडून देतात, कारण आधी मनात इंग्रजी वाक्य रचतात.

आणि ताईंनी शेवटी विचारलंय, ‘कुत्रा’ऐवजी ‘श्वान’ बरं दिसेल का? नको. ‘श्वान’ पोलिसांच्या पथकात आणि महापालिकेच्या कागदावर असतो. पुण्यात पाटी लावणारे शब्दांच्या बाबतीत काटेकोर, पण फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असंच लिहितात.