मुलगी आतल्या खोलीतूनही मेसेजच करते, फोन उचलत नाही. मेसेजिंगमुळे ही पिढी बोलायचं विसरली का?

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हीच तक्रार आमच्या काउंटरवर दर दोन दिवसांनी कुठली तरी आई करून जाते. मुलगी आतून 'चहा ठेव ना' असा मेसेज टाकते, फोन केला की उचलत नाही आणि रिंग थांबली की लगेच 'काय झालं?' विचारते. करी रोडला आमचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे, नाण्याने कूपन खरवडायच्या काळापासूनचं. तेवढ्या भांडवलावर उत्तर देतो.

बोलायचं कोणी विसरलेलं नाही. माझं म्हणणं असं की मुंबईतल्या पोरांना मेसेजने पहिल्यांदा स्वतःची खोली दिली. आज आपण ज्या सवयींना नावं ठेवतो, त्यातल्या बऱ्याचशा त्या खोलीत राहून लागलेल्या आहेत.

आमच्या भागातल्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. त्यात आई-वडील, आजी, दोन-तीन भावंडं आणि अधूनमधून गावाहून आलेला एखादा काका. लँडलाईन असलीच तर टीव्हीशेजारी, वर विणलेलं कव्हर. तिच्यावर बोललेला शब्दन् शब्द आजीच्या कानावर पडणार आणि संध्याकाळपर्यंत नळावर पोचणार. गॅलरीत जाऊन बोलावं, तर सगळा मजला गॅलरीतच. अशा घरातल्या पोराच्या हातात आवाज न करता बोलायची सोय आली, तर तो ती सोडेल कसा? कीपॅडचे टोन बंद करून पोरं पांघरुणात टाईप करायची. 'kay' लिहायचं तर 5 दोनदा, 2 एकदा, 9 तीनदा, तेही न बघता, नुसत्या अंगठ्याच्या सवयीने. आई कूस वळली की फोन उशीखाली.

मुलींचं तर आणखी वेगळं. रिचार्ज मारायचा म्हणजे दुकानदाराला नंबर सांगायचा, आणि काउंटरवर टेकून उभी असलेली टवाळ पोरं कान टवकारून असायची. त्याच रात्री 'हाय, फ्रेंडशिप करणार?' सुरू. म्हणून हुशार मुली नंबर चिठ्ठीवर लिहून आणायच्या आणि रिचार्ज पडला की चिठ्ठी परत मागून घ्यायच्या. आमच्या वहीतसुद्धा नंबर लिहू द्यायच्या नाहीत. अनोळखी नंबरवरून आलेला फोन उचलायचा नाही, आधी मेसेजवर 'कोण?' विचारायचं, ही सवय त्या पिढीने पुरेसा त्रास सोसून लावून घेतली आहे. आज त्यांच्यातल्याच काही जणी आई होऊन 'मुलगी फोन उचलत नाही' म्हणतात, तेव्हा मी गप्प बसून स्क्रीनगार्ड लावतो.

आता पैशाचं. सुरुवातीला एका एसएमएसला रुपया-दीड रुपया जायचा, त्यामुळे एका मेसेजमध्ये सगळं कोंबायचं. एका एसएमएसमध्ये 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मावतात. इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात म्हणून 160 अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी 16 बिट, म्हणून फक्त 70, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजायचं. शिवाय साध्या हँडसेटवर मराठी टाईप करणं म्हणजे दिव्यच. पोरं मराठी इंग्रजी लिपीत लिहायला लागली त्याला तेव्हा फॅशन म्हणून सगळ्यांनी झोडपलं, पण खिशात वीस रुपयांचा टॉप-अप असणाऱ्याने दुसरं काय करायचं? पुढे एसएमएस पॅक आले आणि पोरं सुटली. त्यातही कंपन्यांची मेख होती. दिवाळी, 31 डिसेंबर अशा दिवशी पॅक चालायचा नाही, पूर्ण दर लागायचा. मग आदल्या रात्रीच 'अॅडव्हान्समध्ये' शुभेच्छा जायच्या. 2011 मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहिरातींच्या मेसेजना आळा घालायला दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती 200 केली. कॉलेजची पोरं काउंटरवर येऊन माझ्याशी भांडायची, जणू ट्रायचा साहेब मीच.

व्हॉट्सअॅप आलं, 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि मेसेजचा हिशेबच संपला. मग लिहिण्याची तऱ्हाही उलटी झाली. पूर्वी पाच वाक्यं एका मेसेजमध्ये, आता एक वाक्य पाच मेसेजमध्ये. 'अरे'. 'ऐक ना'. 'उद्या'. 'येतोयस?' आपल्याला वाटतं पोरगी सतत फोनवर आहे, तो टुंगटुंग आवाज चारदा येतो, पण बोलणं एकच असतं. वाक्य संपलं हे मेसेज पाठवल्यानेच कळतं, त्यामुळे पूर्णविरामाचं कामच उरलं नाही, आणि बिनकामाचा पूर्णविराम कोणी दिला की तो रागाचा वाटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात 2015 साली हे तपासलं होतं. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की कॉलेजच्या मुलांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तुम्ही शाळेत शिकवल्यासारखं 'ठीक आहे.' लिहीत असाल, तर लेकीला वाटत असेल आई चिडलीये. विचारून बघा एकदा.

मग तुमच्या घरी आतली खोली आहे, दार आहे, तरी ती फोन का उचलत नाही? तिच्या बाजूने बघा. रिंग वाजली की हातातलं टाकून त्याच क्षणी बोलायला लागतं, तेही आजूबाजूला कोण आहे ते बघून. तुमची मुलगी संध्याकाळी दादरहून लोकलच्या लेडीज डब्यात असेल तर एक हात कडीला, दुसऱ्यात फोन, आणि सहा अनोळखी बायकांच्या मध्ये 'आई, मी सांगते नंतर' एवढंच बोलता येतं. मेसेज हवा तेव्हा वाचता येतो. तिच्या वयाच्या पोरांना न विचारता फोन करणं दार न वाजवता आत शिरल्यासारखं वाटतं. 2014 च्या नोव्हेंबरात ब्लू टिक आली तेव्हा खरा घोळ झाला, कारण वाचलं की नाही हे समोरच्याला दिसायला लागलं. 'सीन करून सोडलं' यावरून मैत्र्या तुटलेल्या मी दुकानात बसून ऐकल्या आहेत. मग पोरांनी ब्लू टिक बंद करणं, वरच्यावर नोटिफिकेशनमध्येच वाचून घेणं, लास्ट सीन लपवणं असे उपाय काढले. आपल्याला लपवाछपवी वाटते, पण त्यांच्या दृष्टीने ती कडी लावून घेणं आहे.

एक गंमत सांगतो. वरळीच्या बीडीडीतली काही कुटुंबं 2025 च्या ऑगस्टपासून 500 चौरस फुटांच्या नव्या घरांत राहायला गेली. त्यातल्या ओळखीच्या एका घरातला मुलगा चाळीत असताना चोवीस तास टाईप करत बसायचा. आता त्याला दार मिळालंय, तर तास-तास फोनवर मोठमोठ्याने गप्पा मारतो आणि आईची तक्रार आहे की हा जरा हळू का बोलत नाही. एका घरावरून सिद्धांत मांडू नये, पण मला यात नवल वाटलं नाही.

स्पेलिंग बिघडतं ही भीती मात्र सोडून द्या. कॉव्हेंट्री विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये ब्रिटनमधल्या 10 ते 12 वर्षांच्या मुलांकडे पाहिलं, तर मेसेजची लघुरूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट जरा पुढेच होती. आणि फॉरवर्डचा रोग तरुणांचा नाही, आमच्या वयाचा आहे. 2018 मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून आपल्याच धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं मारली गेली, त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाच चॅटच्या पुढे फॉरवर्ड बंद केलं. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' पाठवणाऱ्यांत विशीतलं कोणी नसतं.

खरं नुकसान मला दोन ठिकाणी दिसतं. एक, वेळ पाळणं. आम्ही 'सहा वाजता, चर्चगेटला इंडिकेटरखाली' ठरवायचो आणि सहाला तिथे असायचो, कारण कळवायची सोयच नव्हती. आता 'निघालो की मेसेज करतो', 'पोचतोय', 'पाच मिनिटं', आणि माणूस अजून अंघोळीत. दुसरं जास्त टोचतं. तोंडावर नाही म्हणायची सवय गेली. माझ्या दुकानात कामाला असलेला मुलगा, रोज माझ्याबरोबर डबा खाणारा, त्याने नोकरी सोडली ती रात्री साडेअकराच्या मेसेजवर. 'दादा उद्यापासून नाही जमणार', पुढे हात जोडलेला इमोजी. भांडण नव्हतं, पगार बाकी नव्हता. दोन आठवड्यांनी रस्त्यात भेटला तेव्हा लाजून हसला, चहा पाजला त्याने. समोर उभं राहून कसं सांगायचं तेच सुचलं नाही, म्हणाला. नाही म्हणताना समोरच्याचा चेहरा बघायला लागतो, तो बघायचा सराव या पोरांना कमी मिळतो. तुम्हाला लेकीची काळजी करायचीच असेल तर चहाच्या मेसेजची नको, याची करा. क्लास सोडायचा असेल, मैत्रिणीला नकार द्यायचा असेल, तर तो तिला प्रत्यक्ष जाऊन द्यायला लावा.

फोनचं म्हणाल तर आमच्या घरी असं ठरलंय की लागोपाठ दोनदा रिंग आली की काहीही चालू असो, उचलायचं. लोकल बंद पडली, पाणी भरलं, कोणी पडलं-झडलं, तेवढ्यासाठीच. बाकी सगळं मेसेजवर, आणि उत्तर तासाभरात. मुलीने तो नियम पहिल्या दिवसापासून पाळला. अडचण बायकोची आहे, 'जेवायला ये' सांगायला ती अजून दोनदाच फोन करते.